धाकट्याचा परतीचा शिक्का

आमच्या हॉलमध्ये प्रत्येकाला टोपणनाव आहे आणि त्यातली निम्मी मी ठेवलेली आहेत. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला माहीत आहे, कोणी मुद्दाम सांगायला नको. पण शेजारच्या काउंटरवरच्या माणसाचं नाव मी ठेवलं नाही, ते आपोआप पडलं. मौनीबुवा. सकाळी आले की मान हलवायची, संध्याकाळी निघताना मान हलवायची आणि मधल्या सगळ्या वेळात 'पुढे' हा एकच शब्द. विमानातून उतरलेली माणसं रांगेत उभी असायची. बुवा 'पुढे' म्हणायचे, एक जण पुढे यायचा, बुवा पासपोर्ट बघायचे, चेहरा बघायचे, शिक्का मारायचे, की परत 'पुढे'. नवीन लागलेल्या एका मुलीने मला हळूच विचारलं होतं, यांना बोलता येतं का? मी म्हटलं, येतं, पण परवडत नाही.

आमच्याकडे शिक्के दोन. देशाबाहेर जाणाऱ्याला त्रिकोणी, आत येणाऱ्याला गोल. आपलेच नागरिक परत आले तरी त्यांनाही गोल शिक्का लागायचा, निदान तेव्हा तरी. आम्ही बाकीचे काय करायचो, तर हाताला येईल ते पान उघडायचं आणि ठाप्. बुवांचं तसं नव्हतं. ते माणसाच्या जाण्याचा शिक्का शोधायचे. पानं उलटत बसायचे. तो त्रिकोण सापडला की त्याच्या अगदी शेजारी गोल शिक्का मारायचे, खालची कड एका रेषेत. याला आमच्या हॉलमध्ये 'जोडी लावणं' म्हणायचे आणि ते फक्त बुवाच करायचे. त्यांची रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढायची, मागचे लोक कुरकुर करायचे आणि ती कुरकुर माझ्या कानाशी यायची.

"अहो बुवा, लग्न लावताय का त्या शिक्क्यांचं?" मी एकदा ओरडले.

ते पानं उलटतच म्हणाले, "एकटा बरा दिसत नाही."

आता यावर काय बोलणार! मी कपाळावर हात मारला आणि माझी रांग उरकली.

एकदा ते वहिनींना घेऊन परदेशात मेव्हण्याकडे जाऊन आले. परत येताना मुद्दाम माझ्याच रांगेत उभे राहिले. मी मुद्दाम शिक्का वाकडा मारला, तोही भलत्याच पानावर. वहिनी खुदकन हसल्या. बुवांनी ते पान डोळ्यांजवळ धरून बघितलं, पासपोर्ट खिशात ठेवला आणि त्यानंतर आठवडाभर मला बघून मान हलवली नाही. म्हणजे आमचं भांडण झालं होतं, असं समजायचं.

वडील लवकर गेले, तेव्हा बुवांना नुकतंच मिसरूड फुटलं होतं. आई आणि एक भाऊ, बराच लहान. घरात त्याला धाकटा म्हणायचे, म्हणून आम्हीही धाकटाच म्हणायचो. बुवांनी शिक्षण सोडलं, इथे चिकटले आणि त्याला शिकवलं. दोघांत साम्य म्हणाल तर कानांचं, बस्स. धाकटा म्हणजे तोंडाचा पट्टा. दादाला डबा द्यायला आला की अर्धा हॉल त्याच्याभोवती गोळा व्हायचा. मला तो आवडायचा. मला बोलणारी माणसं आवडतात, काय करणार.

तो परदेशी कामाला निघाला तेव्हा आमच्याच हॉलमधून गेला. रक्ताच्या नातेवाइकाचा पासपोर्ट स्वतः हाताळायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे, म्हणून तो माझ्या काउंटरवर आला. नवा कोरा पासपोर्ट पुढे सरकवून म्हणाला, "बाई, दादाने बजावलंय, सरळ मारायला सांग."

"तुझ्या दादाला सांग, बाईला सरळ येत नाही," मी म्हटलं आणि मारला. खरंच थोडा कललाच तो.

बुवा शेजारी होते. मध्ये फक्त काच. त्यांच्यासमोर कुणीतरी मुलंबाळं घेऊन उभं होतं. धाकट्याने काचेवर बोटाने टकटक केलं. "येतो, दादा." बुवांनी वर बघितलं, मान हलवली आणि समोरच्या कुटुंबाला 'पुढे' म्हणाले. मला तेव्हा रागच आला. अरे, सख्खा भाऊ चाललाय, उठून दोन शब्द बोल की माणसा! पण दगडाला पाझर फुटला असता, बुवांना नाही.

धाकटा तिकडे एका कारखान्यात रंगकाम करायचा. पहिली काही वर्षं रजा मिळाली नाही. मग तो कारखाना बंद पडला, दुसरीकडे लागला, तिथल्या मालकाने कागदपत्रं अडकवून ठेवली. ती सुटली तोवर येण्याची घाई गेली असावी. दर वर्षी फोनवर, पुढच्या वर्षी नक्की. त्यांची आई मला एकदा म्हणाली, "याचं पुढचं वर्ष म्हणजे नुसती शेंडी लावणं आहे गं. मी आपली लावून घेते." बुवा फोनवर 'हूं' म्हणायचे. तिकडून धाकटा बोलत असायचा, इकडून हूं, हूं. डब्याच्या वेळी मी कितीदा ऐकलंय.

मधल्या काळात आमच्याकडे यंत्रं आली. काचेचे दरवाजे. आपल्या नागरिकाने पासपोर्ट काचेवर ठेवायचा, कॅमेऱ्यात बघायचं, दार उघडतं, माणूस घरी. शिक्का बंद. नव्या साहेबांनी आम्हाला उभं करून समजावलं, "आपल्याच माणसाला आपल्या घरात यायचा शिक्का कशाला हवा?" बोलायला गोड वाटलं. मी विचारलं, मग आम्ही इतकी वर्षं काय झक मारली का? साहेब हसले. माणूस वाईट नाही तो. पण लोकांना चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. काही जण दार ओलांडून परत मागे येऊन विचारायचे, शिक्का राहिला का हो? नाही राहिला, आता नसतो, जा.

बुवांना मग बाजूच्या खिडकीवर बसवलं. यंत्राला जी माणसं ओळखू येत नाहीत ती तिथे येतात. तान्ही मुलं, बोटांचे ठसे झिजलेली म्हातारी माणसं, भिजलेले नाहीतर फाटलेले पासपोर्ट. त्यांना अजून गोल शिक्का मारतात. आणि त्याच खिडकीवर आणखी एक काम असतं, त्याबद्दल आम्ही फारसं बोलत नाही. परदेशात वारलेल्या आपल्या माणसाचं पार्थिव येतं ते मालाच्या गोदामात उतरतं. त्याचा पासपोर्ट गोदामाचा शिपाई पाकिटात घालून या खिडकीवर आणतो. त्यावर गोल शिक्का मारायचा नाही. यंत्रात 'मृत' नोंद करायची, पहिल्या पानावर 'रद्द' मारायचं, कव्हरचा कोपरा कात्रीने कापायचा आणि परत द्यायचा. मग गोदामवाले पेटी नातेवाइकांच्या ताब्यात देतात. बुवांनी असे कितीतरी केले असतील. हूं की चूं नाही.

धाकट्याचा फोन आला तो डब्याच्या वेळी. म्हणजे त्याचा नाही, त्याच्या खोलीत राहणाऱ्या कुणाचा. बुवा हूं म्हणाले, परत हूं म्हणाले, मग 'बरं' म्हणाले. फोन ठेवला. डब्याचं झाकण लावलं, नीट दाबून.

"धाकटा गेला," ते म्हणाले.

"कुठे?" मी विचारलं.

मेली माझी जीभ! त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मला कळलं. झोपेतच गेला होता. सकाळी हाक मारली तर उठला नाही. बुवा उठले, हात धुतले आणि खिडकीवर जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी सगळी पाळी पूर्ण केली. मीही केली. मला वाटलं होतं मी रडेन, निदान घरी गेल्यावर तरी. नाही रडले. भांडी घासली.

तिकडची कागदपत्रं होईपर्यंत बरेच दिवस गेले. बुवा रोज कामावर. मी म्हटलं, अहो, रजा घ्या. तर म्हणाले, घरी बसून काय करू? वहिनींचा मला फोन आला. "जेवतात, झोपतात, आईंचे पाय चेपतात. सगळं नेहमीसारखं करतात हो. मलाच भीती वाटायला लागली आहे." मी काय सांगणार? म्हटलं, येईल धाकटा, मग मोकळे होतील. आपण बोलतो तसंच बोलले.

ज्या दिवशी पेटी यायची होती त्या दिवशी आई ऐकेना. मी येणारच म्हणाली. वहिनी तिला घेऊन गोदामाच्या फाटकाशी बाकावर बसल्या. आईच्या दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू, उजेड तेवढा कळायचा. ती म्हणाली होती, तोंड बघायला मिळायचं नाही तर नाही, हात लावू द्या. आणि तोवर पाण्याचा घोट घेणार नाही. हट्टीपणा त्या घरात बोलण्यापेक्षा जास्त आहे.

बुवा वर्दी घालून आले. साहेब म्हणाले, "आज तुम्ही खिडकीवर बसू नका. पासपोर्ट आला की मॅडम बघतील." मॅडम म्हणजे मी. बुवांनी विचारलं, "मग कुठे बसू?" साहेबांनी आतल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. म्हणाले, आत पंख्याखाली बसा.

बसले. पण ऐन वेळेला काचेचे दरवाजे बंद पडले. दोन विमानं एकदम उतरलेली आणि यंत्रं ठप्प. सगळी जनता काउंटरवर. बाजूच्या खिडकीवर बसवलेली मुलगी रडकुंडीला आली. बुवा पंख्याखालून उठले, खिडकीतल्या दुसऱ्या खुर्चीवर बसले आणि 'पुढे' म्हणाले. मी बघितलं. म्हटलं, बसू दे. हाताला काम असलेलं बरं. आणि माझ्यासमोर तीनशे माणसं, मी तरी कुणाकुणाकडे बघू?

गोदामाचा शिपाई त्याच गर्दीत आला. त्याने नेहमीप्रमाणे पाकीट बुवांपुढे ठेवलं. त्या बिचाऱ्याला काय माहीत? बुवांनी पासपोर्ट काढला, पानं उलटली, एक पान सापडलं, तिथे थांबले. शिक्का उचलला, मारला. खिडकीवरचं यंत्र चालू होतं, त्यावर 'आगमन' दाबलं. पासपोर्ट शिपायाच्या हातात दिला आणि म्हणाले, "पुढे."

मुद्दाम केलं का, असं नंतर मला दहा जणांनी विचारलं. नाही. पाकीट मला दिसलं नाही, पण त्या वेळी माझी नजर त्यांच्या चेहऱ्यावर गेली होती. त्यावर काहीच नव्हतं. हाताला माहीत होतं ते हाताने केलं. त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नाही.

थोड्या वेळाने शिपाई परत आला आणि त्याच्याबरोबर गोदामातली कारकून बाई. गर्दी ओसरली होती. बाईने पासपोर्ट माझ्यापुढे धरला. आवाज चढवून नाही, साधंच विचारलं तिने. "यंत्रात दाखवतंय की हा माणूस मघाशी उतरून आत आलाय. शिक्काही आहे. मग आमच्याकडच्या पेटीत कोण आहे?"

मी पान बघितलं. त्रिकोणी शिक्का माझा, तोच, जरा कललेला. त्याच्या शेजारी आजच्या तारखेचा गोल शिक्का. बुवांनी तोही तेवढाच कलवून मारला होता, माझ्या शिक्क्याला जुळावा म्हणून. मी बुवांना आणि त्या बाईला घेऊन साहेबांकडे गेले.

साहेबांच्या खोलीत आम्ही चौघं. साहेबांनी दार लावून घेतलं, बुवांना पाणी दिलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "झालं ते झालं. नियम मोडल्याचं मी नंतर बघतो, आत्ता पेटी सोडवू. नोंद मागे घ्यायची तर ज्याने केली त्याचा लेखी जबाब लागतो. मजकूर ठरलेला आहे, मी सांगतो, तुम्ही लिहा." गोदाम पाच वाजता बंद होतं आणि पुढे दोन दिवस सुट्टी होती. म्हणजे पाचच्या आत जबाब झाला नाही तर धाकटा दोन दिवस त्या पत्र्याखाली. आणि आई तहानलेली बाकावर.

बुवांनी पेन घेतलं. स्वतःचं नाव लिहिलं, हुद्दा लिहिला. साहेब सांगू लागले, "सदर नागरिकाचे देशात आगमन झालेले नाही. शिक्का नजरचुकीने..."

पेन थांबलं.

"आलाय," बुवा म्हणाले.

"हो, म्हणजे... पण कागदावर..."

"आलाय तो. फाटकाच्या आत आहे."

"व्यक्ती आलेली नाही. पार्थिव आलं आहे. कागदावर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

मग बुवा बोलले. इतक्या वर्षांत मी त्यांना सलग इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. आवाज मात्र तोच, सपाट. "साहेब, शिक्का चुकला. मारायला नको होता. तसं लिहितो, काय शिक्षा असेल ती द्या. पण आला नाही असं कसं लिहू? इतकी वर्षं आला नाही, ते खरं होतं. आज आलाय. आई त्याच्यासाठीच बाहेर बसलीय."

मला तिडीक आली. मी साहेबांना म्हटलं, "लिहू द्या ना त्यांना, पार्थिव आलं आहे म्हणून! आकाश कोसळणार आहे का?"

साहेबांनी वर फोन लावला. वरच्यांनी त्यांच्या वरच्यांना लावला. उत्तर आलं, यंत्रात दोनच पर्याय आहेत, आला किंवा आला नाही. 'आला' ठेवलं तर तो जिवंत, मग पेटी कोणाची म्हणून चौकशी. 'आला नाही' केलं तरच 'मृत' नोंद करता येते. मजकुरात बदल नाही.

"मग मी लिहिते! मी मारला शिक्का म्हणते," मी म्हटलं.

"नोंद त्यांच्या नावावर आहे, मॅडम," साहेब म्हणाले. त्यांनाही ते सोसत नव्हतं, हे मला दिसत होतं. म्हणून तर अजून राग आला. एखादा हलकट माणूस असता तर दोन शिव्या तरी घातल्या असत्या. इथे कुणाला घालू?

कारकून बाई घड्याळाकडे बघत होती. तिलाही घर असेल. बुवांचा फोन वाजला. वहिनी. खोली इतकी शांत होती की सगळं ऐकू आलं. "आई सारखं विचारतायत. ओठ सुकलेत त्यांचे, पाणी घेत नाहीत. किती वेळ आहे अजून?"

"हूं," बुवा म्हणाले.

फोन ठेवला आणि कागद पुढे ओढला. मजकूर साहेबांना परत सांगावा लागला नाही. सुवाच्य अक्षर, प्रत्येक वेलांटी जागच्या जागी. सदर नागरिकाचे देशात आगमन झालेले नाही. शिक्का नजरचुकीने मारला गेला. खाली सही. साहेबांनी यंत्रात बदल केला. गोल शिक्क्यावर लाल रेघ मारली, पहिल्या पानावर 'रद्द'. मग कोपरा कापायचा होता. बुवांनी कात्रीसाठी हात पुढे केला. साहेबांनी कात्री मला दिली. कव्हर जाड होतं, कात्री बोथट. दोनदा निसटली. तिसऱ्या खेपेला तुकडा टेबलावर पडला, तो मी उचलून मुठीत धरला, कुठे टाकायचा ते कळेना म्हणून.

गोदामाकडे आम्ही चालतच गेलो. बुवा पुढे, मी मागे. उन्हं कलली होती. वाटेत माल ओढणारी गाडी आली, ते बाजूला झाले, ती गेली, परत चालू लागले. मला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. नाही ठेवला. आमच्यात तशी पद्धत नव्हती.

बाकावर आई ताठ बसली होती. वहिनींच्या हातात पाण्याची बाटली, झाकण उघडलेलं. पावलं ऐकून आईने मान वळवली, पण चुकीच्या बाजूला, माझ्याकडे. बुवा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. तिने हाताने चाचपून त्यांच्या वर्दीची बाही धरली.

"आला का रे तो?"

बुवांच्या बोटाला अजून पेनची शाई होती. ती ते अंगठ्याने पुसत राहिले. मला वाटलं आता मलाच बोलावं लागणार. मी तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला शब्द सापडला नाही.

"आला," बुवा म्हणाले. खिडकीवर बसून 'पुढे' म्हणतात, अगदी त्याच आवाजात.

आई बाही धरूनच उठली.

"मग मेल्या, बाहेर का उभा ठेवलायस त्याला इतका वेळ? घरी घे."